चॉकलेटला मधला कप्पा

जे मेणाला जमतं ते चॉकलेटला जमलंच पाहिजे, असं काकांनी त्या दिवशी जेवताना पहिल्याच घासाला सांगितलं, मध्ये पाणी पिताना सांगितलं आणि हात धुताना पुन्हा एकदा सांगितलं.

"जन्मभर मेण वितळवतोय मी. साच्यात ओततोय, केसाएवढा फरक पडू देत नाही," ते म्हणाले. "आणि चॉकलेट म्हणजे तरी काय? चव असलेलं मेण."

"हे कौतुक चाललंय की निंदा?" काकूंनी हळूच विचारलं.

काकूंचा आवाज मुळातच असा मऊ की त्या रागावल्या तरी समोरच्याला वाटायचं, आपली विचारपूस चाललीय.

काका कवळ्या बनवायचे. रस्त्यालगतच्या त्यांच्या घरात खाली दोन खोल्या होत्या. डावीकडच्या खोलीत काकांचं काम, उजवीकडच्या खोलीत काकूंचं गोडाचं दुकान, आणि मधल्या भिंतीत एक दार. त्यामुळे गल्लीत एक विनोद कायमचा मुक्कामाला होता: काकू दात पाडतात आणि काका बसवतात. नवीन कुणी राहायला आलं की आठवड्याभरात तो विनोद स्वतःला सुचल्यासारखा काकांना ऐकवायचं, आणि काका पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

पण मनात त्यांच्या एक सल होता. काकूंच्या दुकानात माणूस चमचा तोंडात घालायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. काकांच्या खोलीत माणूस तोंड उघडायचा तो कपाळाला आठ्या घालूनच. एवढं बारीक, एवढं नेटकं काम हातून व्हायचं, पण त्यांच्या हातची वस्तू तोंडात जाताना आजवर कुणी हसलं नव्हतं. फार तर नंतर, सवय झाल्यावर. तेव्हा मरायच्या आधी एकदा आपल्या हातचा गोड पदार्थ काकूंच्या दुकानात ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि तो पदार्थ चॉकलेटच असणार होता, कारण चॉकलेटवर त्यांचा जीव होता.

अडचण एकच होती. काकूंच्या काचेच्या कपाटात चॉकलेटला जागा नव्हती.

त्या कपाटाला तीन कप्पे. वरच्यात कस्टर्डच्या वाट्या, खालच्यात केक आणि बिस्किटं, आणि मधला कप्पा मानाचा. दुकानात शिरणाऱ्याची नजर सरळ पडते तो. तिथे त्या दिवसाचा सगळ्यांत चांगला साधलेला पदार्थ बसायचा. कुठला बसणार, हे काकू पहाटे ठरवायच्या आणि त्यावर अपील नसायचं.

"चॉकलेट ही खिशातली गोष्ट आहे," काकू म्हणायच्या. "रडणाऱ्या पोराच्या हातावर ठेवायची. मिठाई कशी, सकाळी जन्माला येते आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी उपयोगी पडते. हे आपलं चकचकीत कागद गुंडाळून वर्षभर वाट बघत बसलेलं."

"अगं, पण केकमध्ये घातलं की केक कसा होतो बघ."

"केक कुठे उरतो? चॉकलेटचा केक होतो. दुधात घातलं की चॉकलेटचं दूध. बिस्किटात घातलं की चॉकलेटचं बिस्किट. पाहुणा म्हणून घरात येतं आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावतं. असल्याला मी मधला कप्पा देऊ?"

 यावर काकांनी पैज लावली. एक रविवार, मधला कप्पा काकांचा. संध्याकाळपर्यंत ट्रे रिकामा झाला तर तो कप्पा दर रविवारी चॉकलेटचा. एक जरी नग उरला तरी या घरात चॉकलेटचा विषय पुन्हा निघायचा नाही.

काकूंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "दिला शब्द." काकूंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती पुसायची सोय नसायची.

काका कामाला लागले. पहिल्या दिवशी चॉकलेट वितळवून ओतलं, ते थिजल्यावर त्यावर पांढुरके डाग आले, जुन्या भिंतीला येतात तसे. दुसऱ्या दिवशी वितळवताना वरून पाण्याचा एक थेंब पडला आणि भांडंभर चॉकलेटचं क्षणात प्लास्टर झालं. पण काका हरणाऱ्यातले नव्हते. वितळवायचं, दगडी फरशीवर पसरून ढवळत निववायचं, परत किंचित ऊब द्यायची, असं करत करत शेवटी त्यांना ते वळण सापडलं. तिसऱ्या दिवशीचं चॉकलेट आरशासारखं चमकलं आणि मोडताना 'टक' असं वाजलं. काकांनी ते तीन-तीनदा मोडून ऐकलं.

आता राहिला आकार. काकांच्या मनात गुलाबाची कळी होती. वर चार पाकळ्या मिटत आलेल्या, खाली देठाशी दोन नाजूक पानं. त्यांनी मेणाचा गोळा घेतला, दातांचं कोरीवकाम करायची आपली बारीक कोरणी घेतली आणि जीव ओतून कळी कोरली. मग रबराचे साचे केले. पांढऱ्या चॉकलेटच्या कळ्या, दुधाच्या चॉकलेटच्या तपकिरी कळ्या आणि जवळजवळ काळ्या, कडसर चॉकलेटच्या कळ्या अशा तीन रांगा ट्रेमध्ये मांडल्या.

आता जो हात जन्मभर दातच कोरत आला, तो गुलाब कोरायला बसला तर काय होईल, हे सांगायला नकोच. वरच्या चार पाकळ्यांची चार टोकं झाली होती. खालच्या दोन पानांची दोन मुळं झाली होती. मापसुद्धा हाताला सवय होती तेच. ट्रेमध्ये ज्या मांडल्या होत्या त्या निखळ, निर्दोष, नीट पाहिलं तर खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या दाढा होत्या. काकांना मात्र त्यात कळी दिसत होती. त्यांच्या डोळ्यांना सुबक वस्तू म्हणजे अशीच असते, असं वळणच पडलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी दिमाखात ट्रे आणून मधल्या कप्प्यात ठेवला.

इथे काकूंचा नेम सांगायला हवा. पहाटे डोळे उघडल्यापासून दुकानाचं दार उघडेपर्यंत त्या मौन पाळायच्या. दूध आटत असताना तोंडातून बरा-वाईट कुठलाच शब्द जायला नको, हाताखालचं काम हीच प्रार्थना, अशी त्यांची श्रद्धा. लिहूनही काही सांगायच्या नाहीत. लिहिणं म्हणजे हातांनी बोलणंच की. अडल्या वेळी एखादी खूण, एवढीच सवलत त्यांनी स्वतःला दिली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो नेम मोडला नव्हता. एकदा कस्टर्ड उतू जाऊन सगळ्या शेगडीवर पसरलं, तेव्हाही त्यांनी देवाकडे फक्त एकदा पाहिलं होतं.

काकूंनी ट्रे पाहिला. त्यांच्या हातातला चमचा थांबला. त्यांनी आपला तळवा गालावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"तोंडाला पाणी सुटलं ना?" काका म्हणाले. "मला माहीत होतं."

काकूंनी मान हलवली. मग बोटाने मधल्या दाराकडे, काकांच्या खोलीकडे दाखवलं.

"हो, हो, तिकडेच केलं सगळं. तुझ्या स्वयंपाकघरात मी पाऊल टाकलं नाही."

काकूंनी एक मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं आणि स्वतःच्या दाढेवर बोट आपटून दाखवलं. दोनदा.

"आत्ता नको," काका प्रेमाने म्हणाले. "आधी गिऱ्हाईक. मग तुला."

काकूंचा हात ट्रेच्या कडेपर्यंत गेला. ट्रे उचलून आत ठेवणं त्यांच्या हातात होतं. पण तो कप्पा आज त्यांचा नव्हता, शब्द दिला होता. ओरडून सांगणं शक्य होतं, पण नेम होता. शेवटी त्यांनी हात जोडले आणि परत कस्टर्डकडे वळल्या. नव्या दूधवाल्याने हे सगळं दारातून पाहिलं. त्याला नेमाचं काही माहीत नव्हतं. काका बोलतायत आणि काकू तोंड फिरवून उभ्या आहेत, एवढंच तो सोबत घेऊन गेला.

दार उघडलं, तसं काकूंनी तोंड उघडलं.

"अहो, त्या..."

"वा, दाढा," हेडबाई आत शिरत म्हणाल्या.

हेडबाई म्हणजे जवळच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. रविवारी पहिला मान त्यांचा. त्यांच्यामागे नेहमीची रांग होती, आणि हेडबाई एकदा बोलायला लागल्या की रांगेचा वर्ग व्हायचा.

"फारच छान कल्पना," त्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या. "ही निरोगी दाढ. ही दुर्लक्ष झालेली. आणि ही पूर्ण किडलेली. क्रमही अगदी बरोबर. गोड खाणाऱ्याला गोडाच्याच कपाटात आरसा दाखवलात. काका, याला धैर्य लागतं."

"हेडबाई, त्या कळ्या आहेत," काका म्हणाले.

"कुठल्या झाडाच्या?"

"गुलाबाच्या."

हेडबाईंनी चष्मा नाकावर सारला, पुन्हा वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मुळं दोन आहेत काका. गुलाबाला मी तरी दाढेची मुळं पाहिली नाहीत."

काकांनी वाकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपली कळी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिली. त्यांचे कान तापले. पण माघार घेणाऱ्याचा तो चेहरा नव्हता.

"त्या काहीही दिसू देत," ते म्हणाले, "चॉकलेटच्या आहेत."

हे मागच्यांना ऐकूच गेलं नाही. हेडबाईंचं मात्र सगळं ऐकू गेलं होतं. रांगेतल्या एका आईने मुलीला पुढे ओढून काळी रांग दाखवली. "बघ. रोज रात्री सांगते ना तुला?" मुलीने हातातला केकचा तुकडा खाली ठेवला. तिच्या मागच्या गृहस्थांनी घरच्यांसाठी सहा वाट्या कस्टर्ड सांगितलं होतं, त्यांनी ते दोनावर आणलं, मग परत काचेकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या, पुढच्या रविवारी बघू." एका बाईने तर जीभ फिरवून आपल्या दाढा मोजायला घेतल्या आणि मोजतच निघून गेली.

पाहता पाहता रांग पातळ झाली. जे राहिले ते काही घ्यायला नव्हे, बघायला राहिले.

इतक्यात समोरचा शिंपी आला. गळ्यात माप घ्यायची फीत, चेहऱ्यावर दुःख. त्याने काकांना बाजूला घेतलं.

"काका, लहान तोंडी मोठा घास होतोय," तो म्हणाला, "पण घरातलं भांडण असं दुकानात मांडू नये."

"कसलं भांडण?"

"मला सगळं कळलंय. दूधवाला सांगत होता, काकू सकाळपासून तुमच्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. आणि तुम्ही त्यांच्याच कपाटात किडके दात मांडून ठेवलेत. काकूंचं चुकलं असेल काही. पण धंद्यावर उठायचं?"

"अरे बाबा, तिचं मौन असतं. आणि ते दात नाहीत."

"म्हणजे काकूंनी मौनच धरलंय," शिंपी हळहळला. "मला वाटलंच. म्हणून मी त्यांच्या भावाला फोन केला."

काकांनी डोळे मिटले.

काकूंचा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, दोन चौक पलीकडे राहायचा. बहिणीवर त्याची माया फार, आणि कारणं समजून घेण्याचा कंटाळाही फार. तो आला तोच एक मोठी प्रवासी बॅग घेऊन. बॅग त्याने कपाटासमोर दणकन ठेवली.

"ताई, बॅग भर."

"अरे, बस तरी," काकू म्हणाल्या.

"बसायला आलो नाही. भाऊजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. माझी बहीण उघड्यावर पडली नाहीये."

"तू नाश्ता केलास का?" काकूंनी विचारलं.

"नाही."

काकूंनी त्याच्यापुढे कस्टर्डची वाटी सरकवली. मेहुण्याने रागारागाने ती खाल्ली. मध्ये मध्ये चमचा काकांच्या दिशेने रोखून तो बोलत होता. काका त्याला मेण, साचे, पाकळ्या, पैज असं पहिल्यापासून समजावत होते. शिंपी दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांनाही "जाऊ द्या" म्हणत होता. हेडबाई मागे उरलेल्यांना दुधाच्या दातांबद्दल सांगत होत्या.

आणि या गलक्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा जिना उतरून खाली आले होते, ते कुणालाच दिसलं नाही.

आजोबांना कुणीतरी सांगितलं होतं की खाली दातांचं प्रदर्शन लागलंय. आजोबांच्या तोंडात कवळी होती, ती काकांनीच बनवलेली. पण त्यांची स्वतःची शेवटची दाढ त्यांनी जपून ठेवली होती, काडेपेटीत, कापसात. इतकी वर्षं ती कुणाला दाखवावी असा प्रसंगच आला नव्हता. त्यांनी काचेतून रांगा पाहिल्या. काळी रांग त्यांना शोभेना. आपली दाढ शेवटपर्यंत चांगली होती, फक्त हलायला लागली म्हणून काढावी लागली, याची त्यांना खात्री होती. तेव्हा ते कपाटाच्या मागच्या बाजूला गेले, काच सरकवली आणि पांढऱ्या रांगेत, सगळ्यांत पुढे, आपली दाढ ठेवून दिली. मग समाधानाने स्टुलावर बसले.

पांढरं चॉकलेट म्हणजे तंतोतंत जुन्या दातासारखा रंग. त्यात काकांचं कोरीवकाम. फरक ओळखायला साक्षात काकाच हवे होते, आणि काका त्या वेळी कपाटाकडे पाठ करून उभे होते.

"बस्स झालं," काका शेवटी म्हणाले. आवाज चढला नाही, पण सगळे त्यांच्याकडे वळले. "किती वेळ मी सांगतोय, हे चॉकलेट आहे. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल, माझ्या हातावर नसेल, तर माझ्या तोंडावर ठेवा. हे बघा."

त्यांनी मागे न बघता कपाटात हात घातला. पांढऱ्या रांगेतली सगळ्यांत पुढची उचलली. सगळ्यांना दिसेल अशी दोन बोटांत धरली. आणि जन्मभराचा आत्मविश्वास एकवटून चावली.

जो आवाज झाला तो चॉकलेटचा नव्हता.

काका हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास तसाच राहिला, फक्त डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सावकाश खिशातून रुमाल काढला, तोंडाशी नेला आणि उघडून पाहिला. रुमालात दोन वस्तू होत्या. एक संपूर्ण दाढ, आणि एका दाढेचा टवका.

"अहो, ती माझी," आजोबा स्टुलावरून म्हणाले.

आजोबांची दाढ शाबूत होती. टवका काकांचा होता.

"म्हणजे खरेच दात आहेत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि गर्दी एकदम दोन पावलं मागे सरकली. हेडबाईसुद्धा. शिंप्याने गळ्यातली फीत तोंडावर धरली. आजोबांनी रुमालातून आपली दाढ उचलली, धोतराला पुसली, उजेडात धरून पाहिली आणि "काही झालं नाही तिला," असं म्हणून काडेपेटीत ठेवली.

काका गालावर हात ठेवून उभे होते. सकाळी काकूंनी केलेली खूण त्यांना आत्ता समजली होती. दुकान रिकामं होत आलेलं, कस्टर्ड तसंच पडलेलं, आणि हे सगळं त्यांच्या त्या हौसेपायी. त्यांनी ट्रेकडे हात नेला.

"काढतो मी हे," ते हळूच म्हणाले. "हरलो. तुझा दिवसही घालवला."

काकूंनी त्यांचा हात धरला.

"दिवस अजून संपलेला नाही," त्या म्हणाल्या. "कप्पा संध्याकाळपर्यंत तुमचा आहे."

त्यांनी केक उचलायचा चिमटा हातात घेतला. आजोबांच्या दाढेच्या आसपासच्या पांढऱ्या नगांना बाजूला काढून कचऱ्यात टाकलं. मग ट्रेच्या दुसऱ्या टोकाची, अगदी काळी अशी एक दाढ बोटांनी उचलली, गर्दीसमोर धरली आणि तोंडात ठेवली.

सगळे बघत राहिले. काकूंना चॉकलेट खाताना त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. काकूंनी चावलं नाही. डोळे मिटून नुसत्या उभ्या राहिल्या, सकाळी कस्टर्डजवळ उभ्या राहायच्या तशा.

"कसं आहे?" हेडबाईंना राहवेना.

"कडू."

काकांची मान खाली गेली.

"आधी कडू," काकू म्हणाल्या. "मग..."

"मग काय?"

"थांबा ना जरा. घाई कसली आहे?"

 काकूंच्या कपाळावरची रेघ हळूहळू नाहीशी झाली. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी आलं, ते काकांनी एवढ्या वर्षांत फक्त दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर, दाराच्या फटीतून पाहिलं होतं. मग काकूंनी डोळे उघडले आणि सहज हात घालून दुसरी उचलली.

त्या दुसरीने काम केलं. पहिली नवऱ्याची लाज राखायला खाल्ली असेल, असं म्हणता आलं असतं. दुसरीला तसं काही कारण नव्हतं.

"मला एक द्या," हेडबाई पुढे येऊन म्हणाल्या. "किडकी."

"कळी," काका म्हणाले.

"तीच ती. किडकी द्या."

हेडबाईंनी ती तोंडात ठेवली आणि बराच वेळ वर्गाला काहीच शिकवलं नाही. मग शिंप्याने एक घेतली. मग ती आई परत आली आणि मुलीला म्हणाली, "एकच हं, आणि घरी गेल्यावर दात घासायचे." दुपारी कुणीतरी कुणालातरी सांगितलं, काकूंच्या दुकानात किडक्या दाढा मिळतायत आणि त्या फार गोड आहेत. ऐकणाऱ्याला ते खोटं वाटायचं, म्हणून तो बघायला यायचा. आलाच आहे तर कस्टर्डही घ्यायचा. काळी रांग संपली. तपकिरी रांगही संपली.

पांढऱ्या मात्र कुणी घेईना. प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघायचं, मग आजोबांकडे बघायचं आणि नकोच म्हणायचं. आजोबा दिवसभर स्टुलावरून हलले नाहीत.

संध्याकाळ झाली. काका ट्रेसमोर उभे राहिले. पैज म्हणजे पैज. त्यांचा गाल सुजला होता, तरी त्यांनी तो सरळ ठेवला.

"उरल्या," ते म्हणाले.

काकूंनी ट्रेकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. मेहुणा सकाळपासून तिथेच होता आणि आता चौथ्या वाटीला आला होता.

"तू बॅग भर म्हणाला होतास ना?" काकू म्हणाल्या.

"अगं ताई, ते रागात."

"तुझा शब्द कशाला मोडू?" असं म्हणून त्यांनी सगळ्या पांढऱ्या दाढा एका डब्यात भरल्या, डबा बॅगेत ठेवला आणि बॅगेची चेन ओढली. मेहुण्याने एकदा बहिणीकडे, एकदा काकांच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं आणि गुपचूप पाकीट काढलं. ट्रे रिकामा झाला.

त्या रविवारपासून मधला कप्पा चॉकलेटचा. काकूंनी फक्त एकच अट घातली, पांढरं करायचं नाही. काका पुढच्या आठवड्यात खरी कळी कोरायला बसले होते. या वेळी त्यांनी समोर फुलदाणीत गुलाबही ठेवला होता. काकूंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, कळ्या कोण घेणार? गिऱ्हाईक दाढा मागतं." तेव्हा काका आता भिंतीच्या या बाजूला दात करतात आणि त्या बाजूला विकायलाही दातच करतात. पण त्यांची तक्रार नाही. कामात असले की दार थोडं किलकिलं ठेवतात. पलीकडे कुणी पहिली दाढ तोंडात घातली की त्यांना तो चेहरा दिसतो.

परवा एक नवीन गृहस्थ कवळीसाठी आले होते. लांबून, कुणीतरी नाव सुचवलं म्हणून. बिचारे आधीच घाबरलेले. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, धीर दिला, जबड्याचा ठसा घ्यायला गुलाबी लगदा भरलेला साचा त्यांच्या तोंडात बसवला आणि म्हणाले, "थोडा वेळ असंच तोंड उघडं ठेवा. बोलू नका."

तेवढ्यात दार उघडलं. काकू आत डोकावल्या आणि आपल्या त्या मऊ, विचारपूस केल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "अहो, किडक्या संपल्या. बाहेर लोक खोळंबलेत."

"चांगल्या दे ना थोड्या," काका ठशाकडे लक्ष ठेवून म्हणाले. तपकिरी दाढांबद्दल बोलत होते ते.

"चांगलं काही नको म्हणतात. आज काहीही करून किडक्याच हव्यात. हेडबाई तर म्हणतात, मी खाल्ल्याशिवाय जाणार नाही."

खुर्चीतले गृहस्थ उठले. तोंडात साचा तसाच, गळ्यात काकांचा टॉवेल तसाच. काका "अहो, अहो" म्हणेपर्यंत ते मधल्या दारातून दुकानात शिरले, रांगेतून वाट काढत, कुणाच्याही तोंडाकडे न बघता, रस्त्यावर गेले आणि दिसेनासे झाले.

काका लगद्याच्या भांड्याकडे बघत उभे राहिले. काकूंनी रस्त्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"बिचारे बोललेच नाहीत," त्या म्हणाल्या. "किती हव्या होत्या त्यांना?"